माई परसदारानं येते

"आक्का, झोपलात का हो?" मी विचारलं.

"न्हाई गं. डोळं मिटून ऐकतीया. वाच तू म्होरं."

पायऱ्यांवर बसलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या, कारण हौसाक्का गेलं पानभर चांगल्या घोरत होत्या. मलाही हसू आलं असतं, पण हातातलं लिखाण माझं होतं. महिनाभर खपून लिहिलेलं, टाइप करून घेतलेलं, शुद्धलेखन तपासलेलं. नाव होतं 'पूर आणि आपण'.

कृष्णाकाठी कुरणवाडी म्हणून गाव आहे. तिथल्या महादेवाच्या देवळापुढं आम्ही बसलो होतो. उन्हाळ्याचे दिवस होते. नदी आटून पार खाली गेली होती आणि घाटाच्या पायऱ्या उघड्या पडल्या होत्या. बायकांच्या पुढ्यात भुईमुगाच्या शेंगांचा ढीग होता, बी काढायचं काम चाललेलं. सगळ्यांत वरच्या पायरीवर, माझ्याकडं पाठ करून, कणबरकर बाई बसल्या होत्या.

बाई म्हणजे माझ्या साहेब. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, आणि निवृत्तीनंतर घरी लोणची घालत बसायचं सोडून तालुक्याच्या गावी, पिठाच्या गिरणीच्या माडीवर, एक माहिती मंडळ काढलं. साप चावला तर काय करायचं, रेशनकार्ड कसं काढायचं, असली छोटी पुस्तकं आम्ही छापायचो. बाईंचा एक नियम होता. पुस्तक छापायच्या आधी ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांच्यात बसून ते वाचायचं. नुसतं वाचायचं. समजावून सांगायचं नाही. लिहिणाऱ्यानं एका शब्दानं जरी समजावलं, तरी पुस्तक नापास.

"छापल्यावर तू काय प्रत्येक पुस्तकाबरोबर घरोघरी जाणार आहेस का?" असं त्या विचारायच्या.

मी पुढं वाचलं. "'प्रकरण पहिले. पूर म्हणजे काय? नदीचे पाणी पात्राबाहेर पसरल्यास त्या स्थितीस पूर असे म्हणतात.'"

हौसाक्कांनी एक डोळा उघडला. "हे कुनाला सांगतीया?"

"तुम्हाला."

"आमाला? पूर मंजी काय त्ये?" त्यांनी दुसराही डोळा उघडला. "बया!"

आता बायका पदर न लावताच हसल्या. हौसाक्का चौगुले साठीच्या पुढच्या, उंच, हाडापेरानं मजबूत बाई. गावात त्यांचा शब्द चालायचा. त्यांच्या मांडीला मांडी लावून सून रूपाली बसली होती. ती हसली नव्हती. ती कानात प्राण आणून ऐकत होती, आणि तेच मला जास्त जड जात होतं.

"म्याडम," ती म्हणाली, "आमी घर सोडून निघायचं कवा, त्ये कुठल्या पानावर हाय?"

मी पानं चाळायला लागले. होतं ना, सगळं होतं. म्हाताऱ्यांना कधी हलवायचं ते आरोग्याच्या प्रकरणात होतं. जनावरं कधी सोडायची ते पशुसंवर्धनात. रस्ता बंद कधी होतो ते पार शेवटी, बांधकामात. पुस्तकाला कागद देणाऱ्या समितीत जितक्या सरकारी खात्यांचे सदस्य होते तितकी प्रकरणं मी केली होती, आणि लग्नपत्रिकेत काकामामांची नावं छापतात तशी मानपान सांभाळून लावली होती. 'निघायचं कवा' असं प्रकरण नव्हतं, कारण तसं खातंच नव्हतं.

मी तोंड उघडलं. "त्याचं असं आहे, रूपाली..."

वरच्या पायरीवर बाई खोकल्या. मी तोंड मिटलं.

"त्यात काय पुस्तकात बगायचं?" हौसाक्काच म्हणाल्या. "कवा निघायचं त्ये आमचं ठरल्यालं हाय. माई त्या नंदीपतूर आली की तिची ओटी भरायची, मग निघायचं. त्येच्या आदी न्हाई."

देवळापुढच्या दगडी नंदीकडं त्यांनी बोट केलं.

"आधी का नाही?" बाईंनी पहिल्यांदाच विचारलं.

"आवो बाई, लेक म्हायेरी आली आनि आपन दाराला कुलूप लावून पसार व्हायचं? असं करतंय व्हय कोन?"

ह्यावर कुणी हसलं नाही. त्या काठावर कृष्णा म्हणजे माई, आणि पुरात चढून आलेली माई म्हणजे माहेरवाशीण. ती चढत चढत नंदीपर्यंत आली, की सवाष्णींनी सुपात हिरवा खण, नारळ, बांगड्या घेऊन तिची ओटी भरायची आणि खण पाण्यात सोडायचा. मग गावानं बिऱ्हाड उचलायचं. पिढ्यान्‌पिढ्या असंच चाललेलं.

"आणि मागच्या पुरात?" बाईंनी विचारलं.

शेंगा फोडायचा आवाज थांबला. हौसाक्का उठल्या, लुगडं झटकलं, आणि "म्हशीला पानी दावायचंय" म्हणून निघून गेल्या.

त्या लांब गेल्यावर रूपाली बोलली. मागच्या मोठ्या पुरात माई नंदीपर्यंत आली, पहिली ओटी आत्तींनीच, म्हणजे हौसाक्कांनीच, भरली, आणि गाव निघालं तर रस्ता नव्हता. गावातून बाहेर पडायला एकच वाट, ओढ्यावरच्या बुटक्या पुलावरून. त्या पुलावर पुरुषभर पाणी. सगळं गाव शाळेच्या माडीवर चढलं. तिचे सासरे, तात्या, दम्याचे. औषध संपलं. होडी आली, पण तात्या गेल्यावर आली.

"गावातलं एकच मानूस गेलं त्या पुरात. आमच्याच घरातलं," रूपाली म्हणाली. "आनि आता माझी लेक बारकी हाय. तिलाबी तात्यांचाच दमा हाय, म्याडम. म्हनून इचारलं."

मी हातातल्या कागदांकडं बघितलं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं, आणि त्या पोरीच्या उपयोगाचं मला एक पान काढून देता येत नव्हतं.

बाई पायऱ्या उतरून खाली आल्या. "पुलावर पाणी कधी आलं होतं गं?"

"सकाळीच आलतं. पर त्ये वढ्याचं. वढ्याचं पानी दुपारपतूर उतरतंय, म्हनून कोन मनावर घेत न्हाई. माईचं पानी येगळं, वढ्याचं येगळं."

बाईंनी मान हलवली आणि गावामागं, जिकडं ओढा होता तिकडं, बराच वेळ बघत राहिल्या.

पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा कुरणवाडीला गेलो. बाईंच्या पिशवीत माझं लिखाण होतं आणि शिलाईची कात्री होती. देवळापुढं बसून त्यांनी माझ्या पुस्तकाच्या पट्ट्या कापायला सुरुवात केली. एकेक वाक्य वेगळं. मी नुसती बघत होते. महिन्याची मेहनत माझ्या डोळ्यांदेखत चिंध्या होत होती, आणि बाई शांतपणे कापत होत्या, कडेकडेनं, अगदी सरळ.

"रागावू नकोस," त्या म्हणाल्या. "माहिती सगळी आहे गं तुझ्याकडं. एक ओळ टाकाऊ नाही. पण ती तू कपाटात ठेवतात तशी लावलीस, ह्या खणात हे, त्या खणात ते. कपाट त्याला सोयीचं, ज्यानं ते लावलं. वाचणारी बाई पाण्यात उभी आहे, कडेवर पोर आहे. तिला आत्ता काय दिसतंय, तिथून सुरू कर."

"म्हणजे कुठून?"

"चल, बघू."

प्रत्येक पट्टी ज्या जागेची, त्या जागेवर ठेवायची आणि वर दगड ठेवायचा, असं काम सुरू झालं. नंदीपाशी आम्ही ओटीची पट्टी ठेवली. ती पुस्तकात नव्हतीच, बाईंनी तिथल्या तिथं लिहिली. गोठ्यांपाशी जनावरांच्या पट्ट्या. आडापाशी पिण्याच्या पाण्याची. शाळेपाशी शाळेची. 'पुराचे प्रकार' ह्या पट्टीला गावात कुठंच जागा सापडेना, तेव्हा बाईंनी ती माझ्याच हातावर ठेवली. गावातली माणसं ओट्यावर येऊन आम्हाला बघत होती. सरपंच दिनकरआप्पा तर मागं मागंच फिरत होते.

"काय शेनी थापल्यागत कागद लावताय बाई," ते म्हणाले.

"आप्पा, मागच्या पुराच्या खुणा दाखवता का?" बाई म्हणाल्या. "जिथं जिथं पाणी टेकलं होतं तिथं."

खुणा सगळीकडं होत्या. नंदीपाशी, देवळाच्या भिंतीवर, गढूळ पाण्याची रेघ माझ्या गुडघ्याला लागत होती. चौगुल्यांच्या घराच्या भिंतीवर ती जेमतेम घोट्याइतकी. बाई प्रत्येक ठिकाणी मला उभं करायच्या, रेघ कुठं लागते ते बघायच्या आणि पुढं चालायला लागायच्या. असं करत आम्ही गाव ओलांडून मागं ओढ्यावर पोचलो.

पुलापाशी एक जुनी बाभूळ होती. तिच्या फांद्यांत वाळलेलं गवत अडकलं होतं आणि शेंड्याकडं, माझ्या डोक्याच्या कितीतरी वर, कापडाची एक विटकी चिंधी काट्यांत गुंतलेली होती.

"ती चिंधी बघ," बाई म्हणाल्या. "तिथवर पाणी होतं."

मी झाडाखाली उभी राहून वर बघत होते. बाईंनी नुसतं मागं नदीकडं, मग गावाकडं, मग त्या चिंधीकडं बघितलं आणि माझी वाट बघत उभ्या राहिल्या. आणि अचानक ते मला दिसलं. पाणी सगळीकडं एकाच उंचीवर उभं राहतं. नंदीपाशी ते गुडघ्याला होतं तेव्हा इथं ह्या झाडावरून गेलं होतं. म्हणजे हा पूल नंदीच्याही खूप खाली, घाटावरच्या कितीतरी पायऱ्यांच्या खाली. म्हणजे नदी घाटाची अर्धी चढण चढायच्या आत इथं आलेली असते. खालच्या संगमातून ती ओढ्यात उलटी शिरते आणि गावाच्या पाठीमागून येते. सगळं गाव घाटावर तोंड करून तिची वाट बघत उभं असतं, आणि ती केव्हाच मागं येऊन उभी असते.

एवढ्या मोठ्या नदीची चाल मला दिसली होती, भर उन्हाळ्यात, कोरड्या ओढ्यात उभी असताना. मी काही नवीन शिकले नव्हते. ही प्रत्येक गोष्ट मीच लिहिलेली होती, वेगवेगळ्या प्रकरणांत. ती ओळीत लागली मात्र, आणि पूर उठून उभा राहिला.

"बाई, हे पहिलं पान," मी म्हटलं.

"हो," बाई म्हणाल्या आणि शेवटची पट्टी, बांधकाम खात्याची, पुलाच्या कठड्यावर ठेवून तिच्यावर दगड ठेवला.

परत येताना आम्ही पट्ट्या गोळा केल्या, पण आता पाणी येतं त्या क्रमानं. आधी पूल, मग गोठे, मग आड, मग नंदी, मग शाळा. ती माझ्या हातातली थप्पी म्हणजेच आमचं पुस्तक. नाव मी तिथंच बदललं.

समितीत बराच आरडाओरडा झाला. आपलं खातं पहिल्या पानावरून गेल्याचं एका सदस्यांना इतकं लागलं, की ते चहा न घेता उठून गेले. बाईंनी त्यांचा चहा मला दिला.

पाऊस लागायच्या आधी आम्ही तिसऱ्यांदा देवळाच्या पायऱ्यांवर बसलो. तीच माणसं. ह्या वेळी दिनकरआप्पाही होते. बाई वरच्या पायरीवर, पाठ करून. मी वाचायला लागले.

"'नदी गावात पहिल्यांदा घाटानं येत नाही. ती परसदारानं येते. माई चढायला लागली की तिचं पाणी संगमातून ओढ्यात उलटं शिरतं. गावात पाऊस नसताना ओढ्याचं पाणी वाढलं, तर ते ओढ्याचं नाही, माईचं आहे. ती नंदीपासून लांब असते तेव्हाच पूल बुडायला लागतो.'"

"थांब," हौसाक्का म्हणाल्या.

त्या टक्क जाग्या होत्या. हातातली शेंग हातातच राहिली होती.

"परत वाच."

मी परत वाचलं.

"वढ्यात पानी उलटं चढतंय?"

मला इतकं सांगावंसं वाटत होतं! खडूनं पायरीवर चित्र काढावं, हाताला धरून त्यांना त्या बाभळीखाली न्यावं. पण बाईंची पाठ समोर होती. मी तेच पान तिसऱ्यांदा वाचलं, शब्द न शब्द.

"मंजी..." हौसाक्का पुटपुटल्या, "घाटावर पान्यात सोडल्यालं..."

त्या तशाच उठल्या. मांडीवरच्या शेंगा पायऱ्यांवर सांडल्या, त्यांच्याकडं न बघता त्या चालायला लागल्या. देवळाला वळसा घालून, घरावरून पुढं, ओढ्याच्या बाजूला. रूपाली हातातलं टाकून त्यांच्या मागं धावली.

मी बाईंकडं बघितलं. "नापास?"

"कुणास ठाऊक," बाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हे शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले.

पुस्तक छापून घरोघर वाटलं. त्या वर्षी नदी शहाण्यासारखी वागली. पूर आला तो पुढच्या वर्षी.

घाटमाथ्यावर आठवडाभर कोसळत होतं. धरणातून पाणी सोडल्याची बातमी सकाळी आली तेव्हा कुरणवाडीचा एकही फोन लागत नव्हता. बाईंचा गुडघा धरला होता, त्यांना जिना उतरवत नव्हता. त्या म्हणाल्या, "जा आणि बघून ये." एवढंच. मी दूध संघाच्या टेम्पोत बसून निघाले. वाटेत ऊन पडलं होतं. आमच्या बाजूला पावसाचा टिपूस नव्हता, आकाश धुतल्यासारखं निळं होतं, आणि तेच बघून मी टेम्पोवाल्याला घाई करायला सांगितलं. असल्या उन्हात गाव कशाला हलेल? घाटावर जाऊन बसेल, नंदीपर्यंत यायची वाट बघत. रूपालीची ती दम्याची पोर माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

टेम्पोवाल्यानं मला ओढ्याच्या अलीकडं सोडलं. मी धावत पुलापाशी आले आणि उभी राहिले.

ओढा तट्ट भरला होता. पाणी अजून पुलाच्या पाठीखाली होतं, वीतभर. तांबडं, जाड, आवाज न करणारं. आणि पलीकडं कुरणवाडीचा रस्ता माणसांनी भरला होता.

पुढं बाजल्यांवर म्हातारी माणसं, चौघाचौघांनी उचललेली. त्यांच्यामागं लेकुरवाळ्या. रूपालीची लेक कुणाच्या तरी खांद्यावर बसून, गळ्यात औषधाची पिशवी अडकवून येत होती. मग जनावरं, दावी सोडलेली, एकामागं एक. मग पाण्याच्या कळशा आणि पीठमीठ लादलेला ट्रॅक्टर. बाजूनं दिनकरआप्पा कर्णा घेऊन चालत होते आणि ओरडत होते, "पैलं पान झालं का समद्यांचं? दुसरं पान घ्या, दुसरं! म्हशी आना म्होरं!" माझ्या पुस्तकाचा क्रम रस्त्यानं चालत माझ्याकडं येत होता. मी कठडा घट्ट धरला. माणूस देवळात गाभाऱ्यापुढं उभा राहतो तशी मी उभी होते.

बाजली आणि लेकुरवाळ्या पूल उतरून माझ्यामागं आल्या, म्हशी आल्या, ट्रॅक्टरही आला, आणि मग सगळं थांबलं. बायका पुलाच्या मध्यावर गोळा झाल्या. रूपालीच्या हातात सूप होतं, सुपात हिरवा खण, नारळ, बांगड्या.

"आगं, माई अजून नंदीपतूर आली न्हाई," एक म्हातारी कुरकुरली. "हितं कशी ओटी भरायची?"

"नंदी मंजी म्होरलं दार, आज्जे," रूपाली म्हणाली. "लेक म्हायेरी आली की म्होरल्या दारानं येती व्हय? ती परसदारानं आत येती, चुलीपाशी, आईजवळ."

म्हातारीनं क्षणभर विचार केला आणि मान डोलावली.

मग रूपाली वळली आणि तिनं ते सूप हौसाक्कांपुढं धरलं.

हौसाक्का दोन पावलं मागं सरल्या. "खुळी का काय तू? मी कशी भरू आता? तुजं तू भर."

"पैली ओटी तुमीच भरायची, आत्ती."

"रूपे, बाजूला हो. पानी चडतंय."

"चडू दे. आदी सांगा, त्या बाभळीला काय लागलंय?"

सगळ्यांनी वर बघितलं. विटकी चिंधी अजून काट्यांत होती.

रूपालीच बोलली, माझ्याकडं नाही, कुणाकडंच नाही, हौसाक्कांकडं बघत. "तुमचाच खण हाय. तवा घाटावर सोडल्याला. साळंच्या माडीवनं तुमी तो हितं बघितला, आनि म्हनला, माईनं माजी ओटी घेतली न्हाई, परत धाडली. म्हनून तात्या गेलं. कुनाला सांगितलं न्हाईसा. त्या दिशी ह्या म्याडमनी पुस्तक वाचलं, तवा हितं झाडाखाली बसून मला सांगितलासा."

वारा पडला होता. पुलाखाली पाणी हळूहळू चढत होतं.

"माईनं परत धाडली न्हवती, आत्ती. ती घिऊनच हितवर आलती. परसदारानं आलती."

मी त्या चिंधीकडं बघत राहिले. आम्ही तिला पुराची खूण म्हणून मोजलं होतं. एक बाई इतकी वर्षं त्या चिंधीखालून रोज शेताला जात होती, आणि प्रत्येक वेळी तिला वाटत होतं की आपल्या हातून काहीतरी चुकलं म्हणून आपला माणूस गेला. आणि माझ्या पुस्तकाचं पहिलं पान, जे मी बांधकाम खात्याच्या तळाशी पुरून ठेवलं होतं, त्या बाईनं तीनदा वाचून घेतलं होतं.

हौसाक्कांनी सूप घेतलं. विधवेनं ओटी भरली म्हणून कुणी आड आलं नाही, ती कुरकुरणारी म्हातारीसुद्धा. त्यांनी पाण्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ सोडला, बांगड्या सोडल्या, मग खण दोन्ही हातांनी अलगद पाण्यावर ठेवला.

खण क्षणभर पुलापाशी घुटमळला. मग हलला. नदीकडं नाही. नदीकडं पाठ करून तो ओढ्यानं वर निघाला, डोंगराच्या दिशेनं, हिरवागार, उन्हात चमकत, पाण्याच्या उलट्या ओढीवर सावकाश. ओढा उगमाकडं वाहत होता. जन्म त्या पाण्याकाठी गेलेली माणसं पुलावर ओळीनं उभी राहून ते बघत होती. दिनकरआप्पांनी कर्णा खाली घेतला आणि डोक्यावरची टोपी काढली. म्हशींच्या घंटांखेरीज कसला आवाज नव्हता.

मी तोंड उघडलं होतं. संगम, उतार, पाण्याची पातळी, सगळं ओठांवर आलं होतं. ते मी गिळलं.

खण बाभळीखालून गेला, वळणावर दिसेनासा झाला. हौसाक्का बघतच राहिल्या.

"घेतलीती गं तिनं," त्या हळूच म्हणाल्या. "माजी ओटी घेतलीती."

मग त्यांनी डोळे पुसले, रिकामं सूप काखेत मारलं, आणि इतका वेळ जशी मी तिथं नव्हतेच, तशा एकदम माझ्याकडं वळल्या. पाणी आता पुलाच्या पाठीला लागत होतं.

"आशी बगत काय ऱ्हायलीस?" त्या म्हणाल्या. "वाच तू म्होरं."